पडद्याची रुंदी आणि मायचा चेहरा

माय गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. थोरला भाऊ. माहेरचं घर, शेत सगळं त्याच्याकडं आणि मायही त्याच्याकडंच होती. म्हणाला, "जलदानाच्या कार्यक्रमाला फ्लेक्स लागंल. तुझं दुकानच हाय, तूच करून टाक. आन् फोटो चांगला टाक, गाव येनार हाय."

चांगला टाक म्हणे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आदल्या दिवशी मातीला गेले तेव्हा मायच्या तोंडावरचं पांढरं कापड बाजूला केलं, तर ते तोंड मी क्षणभर ओळखलंच नाही. गालाची हाडं वर आलेली, जबडा आत गेलेला. माझी माय तशी नव्हती. माझी माय ठुसक्या बांध्याची, रुंद तोंडाची, हसली की डोळे बारीक व्हायचे आणि सगळं तोंड गालांचंच व्हायचं. एवढी बाई कुठं गेली म्हणून कुणाला विचारायचं? ज्याला विचारायचं तोच समोर उपरणं खांद्यावर टाकून माणसांचे हात हातात घेत होता.

उन्हाळ्यात मी तिला न्यायला गेले होते. चार महिने माझ्याकडं राहील, दात बसवून घेऊ, तब्येत दाखवू, असं मनात होतं. भाऊ दारातच म्हणाला, "लेक जित्ता असताना माय जावयाच्या घरी जाऊन राहिली, असं गावानं म्हनावं व्हय? आमी मेलो का?" मायचं बोचकं बांधलेलं होतं. तिनं ते गुपचूप सोडलं आणि आत गेली. मी तिथंच उभी राहून त्याला नको नको ते बोलले. तोही बोलला, आणि शेवटी म्हणाला, पुन्हा या दारात पाय ठेवू नको. मग फोन. फोन त्याचाच, त्याच्याच खिशात. केला की एकच रेकॉर्ड. जेवली, झोपली, ठणठणीत हाय.

तर आता त्याला चांगला फोटो पाहिजे होता. गावानं चांगली माय बघावी आणि दुसरी विसरावी, एवढाच त्यातला अर्थ. आणि गंमत अशी की मलाही तोच फोटो पाहिजे होता. माझं कारण वेगळं होतं. मला मांडवात माझी माय पाहिजे होती, त्यानं चितेवर ठेवलेली ती दुसरी बाई नको होती. जन्मभर तिचा मोठा फोटो कुणी काढला नाही. आता काढायचा तर तो तिचाच पाहिजे, असं मी मनाशी धरून बसले.

फोटो होता. माझ्या लग्नातल्या एका ग्रुपफोटोत माय मागच्या रांगेत उभी आहे, पांढऱ्या काठाची निळी साडी, तोंडभर हसू. तो स्कॅन करायचा, तिला एकटीला कापून काढायची, मागं आकाशी रंग टाकायचा, कोपऱ्यात धम्मचक्र, खाली मजकूर. माझ्या हातचं रोजचं काम. जवळा बाजारात माझं डीटीपीचं दुकान होतं, नव्वदच्या दशकापासून मी तेच करत आले. लग्नपत्रिका, वास्तूचे कार्ड, निवडणुकीची पत्रकं, श्रद्धांजल्या. तालुक्यातल्या निम्म्या मेलेल्या माणसांची तोंडं मी नीट केलेली आहेत. कुणाचे केस काळे कर, कुणाच्या गळ्यात नसलेली चेन टाक. आमच्या धंद्यात मोजपट्टी कुणी लावत नाही, डोळा लावतात. पडद्यावर दिसलं ते छापून आलं, हा माझा भरवसा.

पण तो भरवसा जुन्या डब्ब्या मॉनिटरचा होता. तो पावसाळ्याच्या तोंडाशी जळाला. लाइट गेली आणि आली ती अशी आली की कॉम्प्युटरमधून धूरच निघाला. नवरा जिनिंगवर दिवाणजी. तो नांदेडला गेला आणि लॅपटॉप घेऊन आला. स्वस्तात मिळाला म्हणून खूश. स्वस्तात का, तर त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स टाकलेलं होतं. दुकानदारानं त्याला सांगितलं होतं की ही सिस्टीम फुकट आहे, जगातले हुशार लोक मिळून बनवतात, आणि हिला व्हायरस लागत नाही. नवऱ्यानं ते मला तसंच्या तसं ऐकवलं, जणू त्यानंच बनवली होती.

त्या लॅपटॉपचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. पडदा आडवा, रुंद, आणि त्यावरचं सगळं ताणलेलं. अक्षरं बसकी आणि धुरकट. गोल काढला की तो दोन्हीकडून ओढल्यासारखा लांबट. गणपतीचा फोटो उघडला तर गणपती होता त्याहून जाडजूड. मी सेटिंगमध्ये गेले. तिथं पडद्याच्या मापाची यादी असते, त्यात तीनच मापं. सगळ्यात मोठं एक हजार चोवीस गुणिले सातशे अडुसष्ट. ते चौकोनी मॉनिटरचं माप. आणि लॅपटॉपच्या खोक्यावर छापलेलं होतं बाराशे ऐंशी गुणिले आठशे. म्हणजे मशीनलाच स्वतःच्या पडद्याची रुंदी माहीत नव्हती. चौकोनी चित्र आडव्या पडद्यावर ओढून बसवत होतं. आणि हे म्हणे हुशार लोकांनी बनवलेलं.

हिंगोलीला एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडं नेला. त्यांनी बंद करून चालू केला. पुन्हा बंद करून चालू केला. मग म्हणाले, "मॅडम, ये सब छोडो, विंडोज डाल दो." मी म्हणलं, टाका. तर त्यांच्याकडची सीडी त्यात चालेना. त्यावर त्यांनी लॅपटॉपलाच नावं ठेवली आणि तपासणीचे म्हणून पैसे घेतले. मला वाटलं, लॅपटॉप तिथंच त्यांच्या टेबलावर आपटावा.

मग नेट कॅफेत बसून मी मोडक्या इंग्रजीत एका फोरमवर प्रश्न टाकला. माझा पडदा रुंद आहे, चित्र ताणलेलं दिसतं, काय करू. दोन दिवसांनी बघितलं तर उत्तर आलेलं. कुठल्या देशातला होता कोण जाणे. त्यानं लिहिलं होतं, हा प्रश्न शंभर वेळा विचारून झालाय, आधी शोधत जा. खाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, तुमची ग्राफिक्स चिप कोणती ते न सांगता आम्ही काय ज्योतिष बघायचं? मी उठून आले. फुकटच्या सिस्टीमचं उत्तरही फुकटचं आणि वर अपमान, तोही फुकटच. तेव्हापासून मी त्या लॅपटॉपवर फक्त अर्ज टाइप करत होते. अक्षरं जाड दिसली तरी कागदावर नीट यायची. त्यामुळं चाललं.

आणि अशातच माय गेली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी मी फोटो स्कॅन करून उघडला. पडद्यावर माय आली आणि माझा जीव घाबराघुबरा झाला. तोंड फुगलेलं. गाल दोन्ही कानांच्या पलीकडं गेलेले, नाक पसरलेलं. सूज आलेल्या माणसासारखी दिसत होती. तिकडं सुकवून मारली आणि इकडं या मशीननं फुगवली. म्हणलं, मेल्या, निदान तू तरी तिला नीट दाखव.

मी ठरवलं, आज हा पडदा दुरुस्त करायचाच. नेट कॅफेतून त्या फोरमवरच्या जुन्या प्रश्नांची पानं मी मागंच छापून आणलेली होती. त्यात लिहिलं होतं की पडद्याची मापं एका फाइलीत लिहिलेली असतात, ती फाइल उघडून आपलं माप आपण हातानं लिहायचं. दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले. कमांड लिहायची जी काळी खिडकी असते, तिच्यात कागदावरचं एकेक अक्षर बघून कमांड टाकली. आधी फाइलीची नक्कल करून ठेवा असं लिहिलं होतं, ती केली, नशीब माझं. मग जुन्या मापाच्या आधी बाराशे ऐंशी गुणिले आठशे लिहिलं, सेव्ह केलं, मशीन बंद करून चालू केली.

काळा पडदा. चित्रच नाही. वर कोपऱ्यात पांढरी अक्षरं आणि माझं नाव विचारणारी एक रेघ. मी कोण ते सांग म्हणे. माझ्या तोंडून शिवी गेली. त्या काळ्या पडद्यावर, मायचा फोटो आत अडकलेला असताना, मी कागद बघत बघत नक्कल परत जागेवर ठेवली. चालू केलं. चित्र आलं. तेच, ताणलेलं. पुन्हा दुसऱ्या पानावरचा उपाय केला. पुन्हा काळा पडदा, पुन्हा नक्कल. तिसऱ्यांदा करायला गेले तर लाइट गेली. बॅटरी जेमतेम तासाभराची, आणि लाइट दुपारून येणार. फ्लेक्सवाला हिंगोलीचा. त्याला चारच्या आत फाइल पाहिजे होती, नाहीतर छापून उद्या सकाळी गावात पोचणार नाही.

तेव्हा मी रागात एक काम केलं. म्हणलं, तू पडदा नीट करत नाहीस ना, मग मी फोटोच नीट करते. मायचा फोटो धरला आणि दोन्ही बाजूंनी आत दाबायला लागले. जरा दाबला. गाल जागेवर आले. आणखी जरा. नाक बसलं. हनुवटी आली. मी डोळा बारीक करून बघत होते, आणि एका क्षणी ती आली. माझी माय. अगदी तीच, जशी चुलीपुढून वर बघायची तशी. मी हात काढला. कोपऱ्यातलं चक्रही लांबट दिसत होतं, तेही दाबून गोल केलं. वर लावायचे वंदनीय महापुरुषांचे फोटो फ्लेक्सवाला त्याच्याकडचे तयार टाकायचा, त्यांना मी हात लावला नाही. मजकूर टाकला. बॅटरी संपायच्या आत पेनड्राइव्हवर घेतलं, पाकिटात घातलं, वर फ्लेक्सवाल्याचं नाव लिहिलं आणि हिंगोलीच्या काळी-पिवळी जीपवाल्याच्या हातात दिलं. आमच्याकडं सगळं असंच जातं. फ्लेक्स भावाचा माणूस परस्पर हिंगोलीतून उचलणार होता. घरी येऊन मी पहिल्यांदा नीट जेवले. मायला नीट केलं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नवरा पोचलो तेव्हा मांडवात माणसं बसलेली होती, बाया एका बाजूला, पांढऱ्या साड्यांत. भंतेजी अजून यायचे होते. मी चपला काढल्या आणि वर बघितलं.

फ्लेक्सवर ती दुसरी बाई होती. तोंड लांब, गाल बसलेले, जबडा निमुळता. हसत होती, पण ते हसू आजाऱ्याचं. चितेवर बघितलं तेच तोंड, फक्त डोळे उघडे. वरचे फोटो व्यवस्थित होते, आणि खाली कोपऱ्यात मी केलेलं चक्र अंड्यासारखं उभट. त्या चक्राकडं बघितलं आणि मला सगळं कळलं. लॅपटॉप तिला जेवढी ताणून दाखवत होता तेवढीच मी तिला खरोखरची दाबली होती. पडद्यावरची चूक पडद्यावरच राहिली आणि माझी दुरुस्ती छापून आली.

मी बायांमध्ये जाऊन बसले. शेजारच्या घरची एक म्हातारी होती, मायच्या बरोबरीची. ती फ्लेक्सकडं बघत म्हणाली, "बराबर काढला गं पोरी. शेवटी अशीच झालती."

 तीच बोलत राहिली. तिला आवाज खाली ठेवायची सवय नव्हती. "दात न्हवते तिला. कडक भाकर टाकायचे म्होरं. कुस्करून द्याया कोन होतं? मी कवा कवा वरण न्यायची पदराखाली, तर दारातूनच लावायचे वापस, म्हनायचे आमच्या घरी काय खायला न्हाई का." पलीकडची एक म्हणाली, दवाखान्यात न्या म्हणून आमीबी म्हणलं होतं. तिसरी नुसतीच डोळे पुसत होती. एकेक बाई फ्लेक्सकडं बघायची आणि एकेक गोष्ट सांगायची. मायच्या घरात काय चाललंय ते साऱ्या आळीला ठाऊक होतं. आजवर बोललं कुणीच नव्हतं, कारण घर त्याचं, भावकी त्याची. आता फोटो समोर होता. तो बघून कुणाला खोटं बोलता येईना.

पुरुषांच्या बाजूलाही कुजबूज पोचली. भाऊ उठून माझ्याकडं आला. तोंड लाल. दबक्या आवाजात म्हणाला, "हे काय करून ठिवलंस? काहून असं केलं? मला गावात तोंड दाखवू द्यायचं न्हाई, आसंच ना?"

मला सांगता आलं असतं. मशीन बिघडलेली आहे, पडद्याची रुंदी चुकलेली आहे, त्यात माझा काही हेतू नव्हता. अगदी खरं तेच होतं. आणि चक्राकडं बोट दाखवलं असतं तर शाळेतल्या लेकरालाही पटलं असतं. मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या अंगावर नवाकोरा पांढरा शर्ट होता.

"व्हय," मी म्हणलं, "मुद्दामच केलं."

"काढ ते खाली."

"तू काढ. समद्यांम्होरं काढ."

तो फ्लेक्सपाशी गेला. दोरीला हात लावला. सगळा मांडव त्याच्याकडं बघत होता. त्यानं हात खाली घेतला. तेवढ्यात भंतेजी आले, सगळे उठून उभे राहिले, आणि त्रिसरण सुरू झालं. माय वरून बघत राहिली. जेवणं होऊन माणसं पांगेपर्यंत तो फ्लेक्स तिथंच होता.

पुढं काही दिवसांनी मी पुन्हा नेट कॅफेत गेले. या वेळी चिपचं नाव शोधून, लिहून नेलं होतं. त्याच फोरमवर त्या ज्योतिषवाल्या भांडकुदळ माणसानं माझ्या प्रश्नाखाली आणखी एक ओळ लिहून ठेवली होती. अशा वेळी बहुतेक एकाच जातीची चिप असते म्हणून त्यानं तिचं नाव दिलं होतं, आणि माझ्या कागदावरचं नाव तेच निघालं. या जातीच्या चिपला रुंद पडद्याचं माप ठाऊकच नसतं, फाइलीत कितीही लिहिलं तरी ती ऐकत नाही. एक छोटा प्रोग्रॅम आहे, तो मशीन चालू होतानाच तिला ते माप शिकवतो. मी तो पेनड्राइव्हवर आणला, टाकला, चालू केलं. चित्र एकदम बसलं. अक्षरं कोरल्यासारखी, गोल तो गोल. इतके महिने ज्याच्याशी भांडले ते पाच मिनिटांचं काम निघालं. त्याचा आनंद झाला म्हणू? संतापच झाला. हे आधी झालं असतं तर.

मायची फाइल उघडली. नीट झालेल्या पडद्यावर ती वाळलेली बाई होती. मी फोटो परत त्याच्या मूळ रुंदीवर आणला आणि माय आली, भरल्या तोंडाची. शटर ओढून घेतलं आणि हमसून हमसून रडले. मग एक मोठी प्रत काढून घरी लावली. आल्यागेल्याला सांगते, ही माझी माय.

भाऊ त्यानंतर कधी आला नाही, मीही गेले नाही. सालभरानं एका बाजाराच्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली. बस म्हणलं नाही, तरी आत येऊन बसला.

"फोटो पायजे होता," म्हणाला.

"कोनता?"

"मायचा. तुझ्या लग्नातला."

"खरा फोटो तुझ्याकडंच हाय," मी म्हणलं. "गावानं बघितलेला."

मला वाटलं चिडेल, उठून जाईल. मी तयारच होते, सालभराचं साठवलेलं होतं माझ्याकडं. पण तो चिडला नाही. मग म्हणाला, "मला तिचं आधीचं तोंड आठवून न्हाई राहिलं. लई प्रयत्न केला. डोळे मिटले की फ्लेक्सवरचंच म्होरं येतं. पोरं इचारतात, आजी कशी दिसायची. मला सांगता येईना."

लॅपटॉप समोर उघडाच होता. फाइल कुठं आहे ते मला बघावंसुद्धा लागलं नसतं. प्रिंटरमध्ये कागद होता. मला त्याची कीव आली, खोटं कशाला सांगू, आली. कोण्या वैऱ्यावरही असं येऊ नये असं वाटलं. आणि राग होता तिथंच होता, तसूभरही हलला नाही.

"लाइट न्हाई," मी म्हणलं.

पंखा आमच्या दोघांच्या डोक्यावर फिरत होता. त्यानं मान वर करून पंख्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. गुडघ्यावर हात टेकून उठला आणि पायरी उतरून बाजाराच्या गर्दीत गेला. पुन्हा कधी मागायला आला नाही, आणि मी तो फोटो त्याला अजून दिलेला नाही.